नाकारलेल्या यादीत तुझं नाव

मावशी, काल सकाळी तुझं नाव माझ्या स्क्रीनवर आलं. नाकारलेल्या क्लेमची यादी रोज येते तशी आली होती. चार नावं होती, तिसरं तुझं. पुढे कारण लिहिलं होतं की प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या डॉक्टरची मेडिकेअरकडे नोंद नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे की डोळे त्याच्यावरून घसरतात. काल घसरले नाहीत. मी उठून पाण्याची बाटली भरायला गेले. ती भरलेलीच होती. परत येऊन बसले. बॉसच्या केबिनच्या काचेतून लिंडाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. म्हणजे तिनेही यादी पाहिली होती.

तुला जाऊन पाच आठवडे झाले. मला अजून नीट रडू आलेलं नाही. मला तुझा राग आला आहे, आणि तो कोणाला सांगावा ते कळत नाही, म्हणून तुलाच सांगते आहे. मराठीत लिहिते आहे, माझी शाळा इंग्रजी असूनही, कारण तुझ्याशी इंग्रजीत भांडता येत नाही. तू "ओके डिअर" म्हणून विषय संपवायचीस.

आपली पहिली भेट तुला आठवत असेल का? मी अमेरिकेत मास्टर्स संपवून नुकतीच इथे कामाला लागले होते आणि दुपारचा डबा रोज गाडीत बसून खायचे. ऑफिसच्या किचनमध्ये सगळे गप्पा मारायचे आणि मला काय बोलावं सुचायचं नाही. आठवडाभर तू खिडकीतून ते पाहिलंस. मग एक दिवस, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने सगळ्या गाड्या पांढऱ्या झालेल्या असताना, तू स्वेटरवरच बाहेर आलीस आणि माझ्या काचेवर टकटक केलीस.

"पुण्याची ना तू? काऊन गाडीत जेवून राहिली? भाडं भरते का गाडीचं डायनिंग रूम म्हणून?"

मी म्हणाले, "नाही मॅम, मला सवय आहे."

"मॅम म्हणे. मी नागपूरची आहे, मॅम तिकडे राणीच्या बागेत. मावशी म्हण. आणि अहो-जाहो नको, मावशीला कोण अहो म्हणतं?"

मग तू दार उघडून आत बसलीस, माझ्या डब्यातली एक पोळी काढून घेतलीस आणि ती कच्ची आहे असं सांगितलंस. खरंच कच्ची होती.

बाहेरच्यांना आपलं काम समजावून सांगताना मी नेहमी अडखळते. तू एका वाक्यात सांगायचीस, "ज्यांच्याकडे वेळ कमी आहे, त्यांचा वेळ आम्ही नीट घालवतो." हॉस्पिस म्हणजे तेच. सहा महिन्यांहून कमी आयुष्य उरलं आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं की आपल्या नर्स त्या माणसाच्या घरी जायला लागतात, औषधं, पलंग, ऑक्सिजन सगळं घरी येतं. पासष्टच्या पुढच्यांचा, म्हणजे तुझाही, हा खर्च मेडिकेअर हा सरकारी विमा उचलतो. लिहून देणारे डॉक्टर सुरुवातीला दोन असतात, एक आपल्या संस्थेचे आणि दुसरे त्या माणसाने निवडलेले, त्याचे नेहमीचे. या दोघांचीही मेडिकेअरकडे नोंद असावी लागते, नाहीतर आपण नोंदीतून बाहेर पडलो आहोत असं त्यांनी रीतसर कळवलेलं असावं लागतं. पूर्वी हे कोणी फार बघत नसे. आता बघतात, आणि एकाची जरी नोंद नसली तरी क्लेम परत येतो. डॉक्टर कितीही चांगला असो, त्याचा परवाना शाबूत असो, उपयोग नसतो.

तू नव्या पेशंटना दाखल करून घ्यायचीस आणि मी क्लेम पाठवायचे. भांडण तिथूनच सुरू झालं. घरच्यांचा फोन आला की तू त्याच दिवशी माणूस दाखल करायचीस. दुपारी फोन, संध्याकाळी नर्स दारात. डॉक्टरांचं नाव ते सांगतील ते तू लिहायचीस. मी दुसऱ्या दिवशी मेडिकेअरच्या यादीत नाव शोधायचे आणि ते सापडलं नाही की तुझ्या टेबलावर पिवळी चिठ्ठी चिकटवायचे. समोर येऊन बोलायचे नाही. तू त्या चिठ्ठ्या कपाळावर चिकटवून माझ्या टेबलाशी यायचीस.

"हे बघ, माझ्यावर समन्स निघालं."

"मावशी, नाव आधी तपासायला पाच मिनिटं लागतात."

"आणि पोट दुखून ओरडणाऱ्याला पाच मिनिटं किती मोठी असतात, माहीत आहे तुला?"

"त्याला थांबवून ठेव असं मी कुठे म्हणाले? तू फोनवर बोलत असताना मी बाजूला तपासीन."

"तू? तू माझ्या बाजूला बसून? तुला तर टेलिफोनची घंटा वाजली की ताप येतो."

ते खरं होतं. पण मावशी, ती सूचना चांगली होती. मी ती एकदाच केली, हळू आवाजात, आणि तू ती चेष्टेत उडवलीस. मी परत केली नाही. ही चूक मी माझ्या नावावर मांडते आहे, तुझ्या नाही.

तुझं फोनवरचं बोलणं मात्र मी कान देऊन ऐकायचे. तू फोन स्पीकरवर टाकायचीस कारण तुला दोन्ही हात लागायचे. एका मुलाने विचारलं होतं, माझे वडील दिवाळीपर्यंत असतील का. मराठी मुलगा होता, वेस्टबरोला राहणारा. बाकी कोणीही काहीतरी गोल बोललं असतं. तू म्हणालीस, "नाही रे बाळा. पंधरा दिवस असतील. दिवाळी या शनिवारी करून टाका." मग तो म्हणाला, "थँक यू, मावशी." त्याने तुला एकदाही पाहिलं नव्हतं. मला तेव्हा वाटलं होतं की हे मला कधी जमणार नाही, आणि तुला सोडून कोणालाच जमणार नाही.

हे लिहिते आहे कारण पुढे जे झालं ते मला या बाईशी जुळवता येत नाही.

मागच्या वसंतात एक तेलुगू आजोबा, राव, दाखल झाले होते. त्यांचे डॉक्टर म्हणजे आपले डॉक्टरकाका. श्रूजबरीतल्या अर्ध्या मराठी घरांचे आणि बऱ्याच बाकीच्यांचे डॉक्टर. तुझ्या गेलेल्या नवऱ्याचे मित्र, तुझ्या घरी गणपतीला पूजा सांगणारे. आजोबा वीस दिवसांत गेले आणि क्लेम परत आला. मी शोधलं तर डॉक्टरकाकांची नोंद बंद पडलेली होती. दर काही वर्षांनी डॉक्टरांना माहिती पुन्हा कळवावी लागते, तसं पत्र येतं. क्लिनिक बंद करून काका आठवड्यातून दोन दिवस दुसऱ्या एका डॉक्टरांच्या खोलीत बसायला लागले, पण नवा पत्ता त्यांनी कळवला नव्हता. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं असणार, आणि तिथे आता कुत्र्यांना आंघोळ घालून देणारं दुकान आहे.

चिठ्ठी न चिकटवता त्या दिवशी मी स्वतः तुझ्या टेबलाशी आले. इतकं मला कळत होतं.

तू कागद वाचलास, चष्मा काढलास. म्हणालीस, "मी सांगते त्याला."

मी म्हणाले, "लवकर सांग हं. त्यांचे अजून पेशंट येतील."

"सांगते म्हटलं ना."

मी विषय सोडला. तू सांगते म्हणालीस म्हणजे सांगितलंस, असं मी धरून चालले.

मग ऑगस्टमध्ये तुझी पाठ दुखायला लागली. दुखणं पाठीचं नव्हतं, पोटातलं होतं, आणि फार पुढे गेलेलं. तू केमो घेणार नाही म्हणालीस. टेक्सासमधल्या प्लेनोहून तुझी लेक नेहा आली. लिंडाने तुझी फाइल स्वतः उघडली. दिवाणखान्यात खिडकीपाशी पलंग लागला, ज्याची ऑर्डर तू हजारो वेळा इतरांसाठी दिली होतीस. तो येताच तू बसवायला आलेल्या माणसाला त्याची खालची कळ कुठे असते ते दाखवलंस.

तुझे निवडलेले डॉक्टर म्हणून तू डॉक्टरकाकांचं नाव लिहिलंस. त्यांनी तुझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून सही केली. मी त्या दिवशी तिथे होते, चहाचे कप विसळत होते. मी तपासलं नाही, मावशी. रोज परक्यांची नावं तपासते, आणि त्या दिवशी मला वाटलं की तुझ्या डॉक्टरचं नाव यादीत शोधणं म्हणजे तुझ्यावर पाळत ठेवणं. शिवाय तू सांगितलं होतंस ना त्यांना.

पाचव्या दिवशी मी न राहवून बघितलं. नाव नव्हतं.

पुढचे चार दिवस मला अजून टोचतात. मी रोज ऑफिस सुटल्यावर तुझ्याकडे यायचे. काकाही असायचे. तुझी नाडी बघायचे, नर्सने लिहिलेलं वाचायचे, मग किचनमध्ये माझ्यासमोर येऊन बसायचे. एक दिवस त्यांनी आपणहून विचारलं, "तुझं काम नेमकं काय असतं गं? विजया म्हणते तू फार हुशार आहेस."

इतका सरळ प्रश्न. मी उत्तर देऊ शकले असते की काका, मी डॉक्टरांची नोंद चालू आहे का ते बघते, आणि तुमची बंद आहे. मी म्हणाले, "कॉम्प्युटरवर असतं."

"अच्छा," ते म्हणाले, आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

ज्यांनी आयुष्यभर लोकांना तपासलं त्यांना 'तुमचे कागद दाखवा' असं माझ्या वयाच्या मुलीने म्हणायचं? माझ्या तोंडून निघेना. आपल्याकडे मोठ्यांना कोणी असं विचारत नाही. ते आपल्याला पगार विचारतात, लग्नाचं विचारतात, वजन विचारतात. आपण त्यांना फक्त चहा विचारतो.

शेवटी लिंडाला सांगावं लागलं. ती म्हणाली, विजयाने डॉक्टर बदलल्याचा फॉर्म भरला, काकांऐवजी आपल्या डॉक्टरांचं नाव घातलं, तर निदान पुढच्या दिवसांचे पैसे तरी मिळतील. काका घरी येतच राहतील, फक्त कागदावर नसतील. ती हे फार हळू आवाजात म्हणाली, आणि फॉर्म मला दिला, कारण तुला ती स्वतः विचारू शकत नव्हती. ऑफिसातल्या सगळ्यांत मीच बोलण्यात कच्ची, आणि मलाच पाठवलं.

तू जागी होतीस. नेहा फार्मसीत गेली होती. मी खुर्चीत बसले आणि फोल्डर मांडीखाली सरकवलं.

"काय लपवून राहिली?"

"काही नाही."

"काही नाहीवर बसली आहेस तर अंडं देशील. काढ."

मी काढलं. तू फॉर्मचा वरचा मथळा वाचलास आणि परत दिलास. तुला पुढचं वाचायची गरज नव्हती, तो फॉर्म तूच लोकांकडून भरून घ्यायचीस.

मी म्हणाले, "काकांची नोंद बंद आहे, मावशी. अजून."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"तूच नाही का सांगितलं, आजोबांच्या वेळी?"

"मग तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"नाही."

"सहा महिने झाले."

"झाले असतील."

"आणि तरी त्यांचं नाव लिहिलंस."

"माझा डॉक्टर आहे तो. दुसऱ्या कोणाचं लिहू? तुझं?"

मी तुला विचारलं का. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "बायको गेली त्याची. क्लिनिक गेलं. आता त्याला काय सांगू, तुझी सहीपण गेली म्हणून?"

"पण क्लेम जाईल."

"जाऊ दे. मी पण जाऊनच राहिली आहे. दोघं सोबत जाऊ."

मला हसू आलं असतं, पण मी तुझ्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणावर ओरडले आणि ते पलंगावर पडलेल्या तुझ्यावर. मी म्हणाले की तू लोकांच्या मुलांना तोंडावर सांगतेस की बाप पंधरा दिवसांत जाणार, आणि एका माणसाला एक फॉर्म भर असं सांगता येत नाही? हा कसला नियम आहे तुझा? नुकसान लिंडाचं होणार, तिच्या संस्थेत मोजून बावीस माणसं आहेत. आणि सगळे विचारतील की नाव कोणी तपासलं नाही, तर ते मी.

तू माझ्याकडे वळलीस. चेहऱ्यावर कौतुक होतं, त्याने मी आणखी चिडले.

"तुला बोलता येतं की," तू म्हणालीस.

"सही कर, मावशी."

"नाही करत."

तेवढ्यात नर्स आली, तुझ्या औषधाची वेळ झाली होती. मी फोल्डर उचललं आणि निघाले. त्यानंतर मी सहा-सात वेळा आले. तू निम्मा वेळ झोपलेली असायचीस. जागी असलीस की नेहाच्या मुलाचे व्हिडिओ, माझ्या कोरड्या हातांना लावायचं तूप, लिंडाचे नवे केस, सगळं बोललीस. फॉर्मबद्दल मी बोलले नाही आणि तूही नाही. एकोणिसाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, तू गेलीस. फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये कोरा आहे.

तुझ्यानंतर लिंडाने दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे एक मेमो काढला की बाहेरच्या डॉक्टरचं नाव तपासल्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही. इतके दिवस मला हवं होतं तेच. मी ते वाचलं आणि मला काहीही जिंकल्यासारखं वाटलं नाही. दुसरी म्हणजे ज्यांच्या सहीमुळे क्लेम परत आले अशा डॉक्टरांना ती पत्रं पाठवणार आहे की यापुढे आपली सही आम्हाला चालणार नाही. काल तुझा क्लेम परत आल्यावर डॉक्टरकाकांचं नाव त्या पत्रांत गेलं. पत्रं सोमवारी निघतील.

म्हणजे तू सहा महिने जे टाळलंस ते त्यांना एका छापील पत्रातून कळणार होतं, खाली लिंडाची सही. मी लिंडाच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले की त्यांचं पत्र मी पाठवू देणार नाही, मी स्वतः जाऊन सांगते. 'पाठवू देणार नाही' हेच शब्द निघाले. लिंडा म्हणाली, "ओके. बट बाय मंडे."

आज शनिवार. दुपारी चार वाजता मी त्यांच्याकडे गेले. ते गॅरेजमध्ये पक्ष्यांच्या दाण्याची पिशवी बरणीत ओतत होते. मला बघून त्यांना वाटलं तुझ्या घराच्या कामाचं काही असेल. आत नेलं, चहा ठेवला. दूध ते औषधाच्या छोट्या मापाने मोजून घालतात, तुला माहीत असेल.

मी गाडीत तीन वेळा म्हणून बघितलेलं वाक्य म्हटलं. "काका, तुमची मेडिकेअरची नोंद बंद पडली आहे. बरेच महिने झाले."

"कशी काय? मला पत्र नाही आलं."

"जुन्या क्लिनिकच्या पत्त्यावर गेलं असणार."

त्यांनी कप खाली ठेवला. "कधीपासून म्हणालीस?"

मी सांगितलं. ते मनातल्या मनात मागे जात होते, मला दिसत होतं.

"म्हणजे रावांच्या वेळी?"

"हो."

"आणि विजयाच्या?"

"हो. तो क्लेम काल परत आला."

मग त्यांनी मला ज्याची भीती होती तो प्रश्न विचारला.

"विजयाला माहीत होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. तू गेली आहेस, तू काही उठून सांगणार नव्हतीस. पण तू त्या मुलाला दिवाळीचं जसं सांगितलंस तसं मी सांगायचं ठरवलं. म्हणाले, "हो काका. रावांच्या वेळेपासून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तिने सांगितलं नाही."

ते चिडले, मावशी. मला वाटलं होतं ते खचतील. त्यांचा आवाज चढला. "वाईट वाटेल? मला? अगं, एक फॉर्म आहे तो. मी एका दुपारी भरला असता. म्हातारा झालोय, काचेचा नाही झालो. आणि हीच बाई मला पथ्यावरून रोज दहा शब्द सुनावायची."

मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. हेच, अगदी हेच मी तुला तुझ्या पलंगापाशी सांगत होते. मला वाटलं ताबडतोब तुला फोन करावा आणि त्यांचं वाक्य जसंच्या तसं ऐकवावं.

काकांनी लॅपटॉप आणला. "बस इथे. आत्ता भरू." मी वाचत गेले, ते सांगत गेले. नाव, परवाना, जन्मतारीख, सगळं तोंडपाठ. माझ्यापेक्षा भराभर. मग एक चौकट आली, प्रॅक्टिस कुठे करता त्याचा पत्ता.

ते थांबले.

मी म्हणाले, "तुम्ही सोमवारी-गुरुवारी त्या दुसऱ्या डॉक्टरांच्या खोलीत बसता ना, तो घालू?"

"तो नको."

"का?"

"त्यांनी खोली परत मागितली. त्यांचा मुलगा येतोय आता प्रॅक्टिसला." ते चष्मा पुसायला लागले. "झाले की चार महिने. मी कोणाला बोललो नाही. फक्त विजयाला सांगितलं होतं."

मी कर्सरकडे बघत बसले. म्हणजे तू नाव लिहिलंस तेव्हा त्यांच्याकडे बहुधा दुसरा पेशंट उरलाच नव्हता. ते टाय बांधून रोज तुझ्याकडे येत होते, बॅग घेऊन, आणि मी किचनमध्ये बसून विचार करत होते की यांचं नाव कागदावरून कसं काढायचं.

"घरचा पत्ता घाल," काका म्हणाले. "जे पेशंट उरलेत त्यांच्या घरी जाईन. नसतील उरले तर नसतील." त्यांनी पत्ता सांगितला, मी टाइप केला. शेवटचं बटण त्यांनी स्वतः दाबलं. उत्तर यायला काही आठवडे जातील. आलं तरी तुझ्या एकोणीस दिवसांना त्याचा उपयोग नाही, ते तसेच नाकारलेले राहतील.

आता मी घरी येऊन हे लिहिते आहे. त्यांना सांगायला हवं होतं, यात मी बरोबर होते आणि तसं मी अजून म्हणेन. पण मावशी, खोलीचं तू मला सांगितलं असतंस तर मी तो फॉर्म घेऊन आलेच नसते. काकांना तेव्हाच शेजारी बसवून नोंद चालू करून घेतली असती, तू त्यांचं नाव लिहिलं असतंस, आणि ते खऱ्या अर्थाने, कागदावरही, तुझे डॉक्टर राहिले असते. एवढं तर मला येतं. तेच माझं काम आहे. तू माझी पोळी खाल्लीस, मला मावशी म्हणायला लावलंस, माझ्या हातांना तूप लावलंस, आणि ही एक गोष्ट मात्र माझ्यापासून लपवलीस, कारण मी क्लेमवाली.

काका काचेचे नव्हते. आणि मी नुसती ऑफिसातली नव्हते. माझा राग एवढाच आहे.